बाराव्या मजल्यावरचा पत्रा

गृहप्रवेशाच्या पंगतीत, तिसरी पुरणपोळी पानात पडता पडता, राजशेखरअप्पांनी चारचौघांत सांगून टाकलं होतं, की लातूर, उदगीर, जळकोट, पार खाली देगलूरपर्यंत जा. गेल्या तीस वर्षांत राजशेखरच्या दुकानातला पत्रा वाऱ्यानं उडाला असा एक माणूस आणून दाखवा, दुकानाच्या किल्ल्या त्याच्या हातात देतो.

असा माणूस मे महिन्यात सापडला. किल्ल्या द्यायचा प्रश्न आला नाही, कारण त्या त्याच्याच खिशात होत्या.

आता, अप्पांना पत्र्यातलं कळतं याबद्दल मोंढ्यात, म्हणजे लातूरच्या बाजारपेठेत, दुमत नाही. बोटानं टिचकी मारून ते पत्र्याची जाडी सांगतात, जसं कुणी कलिंगड वाजवून गोडी सांगतं. फरक एवढाच, की अप्पांचं खरं निघतं. पण पत्र्यातलं कळणं वेगळं आणि बायकोच्या झोपेतलं कळणं वेगळं, आणि ही सगळी भानगड मंजुश्रीबाईंच्या झोपेपासून सुरू झाली.

रिंगरोडला जी अकरा मजली बिल्डिंग उभी राहिली तिचं नाव 'सागर शिखर'. लातुरात सागर कुठला, असं विचारू नये. बिल्डर समुद्रकाठचा होता. तिकडं दरवर्षी वादळ धडकतं त्याच किनाऱ्यावर त्यानं तीस-तीस, चाळीस-चाळीस मजल्यांच्या इमारती ओळीनं उभ्या केल्या होत्या. वादळ आलं की तिथले लोक दोन दिवस घाबरायचे आणि तिसऱ्या दिवशी आणखी वरच्या मजल्याचं बुकिंग करायचे, असा त्याचा अनुभव. मग तिथली जागा संपली की लोकांचा विसराळूपणा संपला, कुणास ठाऊक, तो लातुरात आला. येताना नकाशा आणला, खिडक्या आणल्या, आणि माहितीपत्रकसुद्धा तेच आणलं. फक्त पत्ता बदलला. पत्रकावर बाल्कनीत उभं राहून लाटा बघणारं जोडपं होतं, नारळाची झाडं होती आणि खाली ठळक अक्षरांत होतं, की ताशी दोनशे किलोमीटरचं चक्रीवादळ आलं तरी आपलं कुटुंब निश्चिंत. लातूरच्या माणसाला निश्चिंत व्हायचं असतं ते दोनच बाबतींत: नळ आणि भूकंप. त्या दोन्हींबद्दल पत्रकात अवाक्षर नव्हतं.

अप्पांचं जुनं घर रस्ता रुंदीकरणात गेलं. त्यांची एकुलती एक लेक प्रियदर्शनी विशाखापट्टणमला नोकरीला, चौतिसाव्या मजल्यावर राहते. तिनंच फोनवर भरीला घातलं, की पप्पा, आता वर राहायची सवय करा, हवा चांगली असते. अप्पांनी अकरावा मजला घेतला, त्याच्या वर थेट गच्ची. कागद झाले, किल्ली मिळाली. मग प्रियदर्शनीनं आईची तसल्ली करायला म्हणून व्हिडिओ कॉल केला आणि होती नव्हती ती तसल्ली घालवून टाकली.

"मम्मी, तू कामून भितीस? आमच्याकडं तर चक्रीवादळ येतं. आमची बिल्डिंग झुलती बघ, पण पडत न्हाई. झुलती म्हणूनच पडत न्हाई."

मंजुश्रीबाईंनी एवढंच विचारलं, "झुलती?"

त्या दिवशी त्यांनी फ्लॅटमधला पंखा बंद करून ठेवला. तो झुलतो की बिल्डिंग, हे कळायला पाहिजे म्हणून.

बाईंचं चुकत होतं असं अप्पांनासुद्धा म्हणता येत नव्हतं. किल्लारीच्या भूकंपाला बाई सोळा वर्षांच्या, गाव औसा तालुक्यातलं. त्या रात्री घरचे सगळे शेतातल्या पत्र्याच्या शेडात झोपले होते म्हणून वाचले. याच्यापुढचं बाई कधी सांगत नाहीत आणि कुणी विचारतही नाही. लातूर भागात पुढं कित्येक वर्षं निम्मी माणसं अंगणातच झोपायची, मग हळूहळू एकेक जण आत गेलं. मंजुश्रीबाई गेल्या नाहीत. लग्न करून आल्या त्या पत्रेवाल्याच्या घरी, आणि जुन्या घरात वरची खोली पत्र्याची होती, तिथं अठ्ठावीस वर्षं झोपल्या. पावसाळ्यात पत्रा वाजायला लागला की घरातले बाकीचे जागे व्हायचे आणि बाईंना गाढ झोप लागायची.

तर गृहप्रवेश झाल्यावर बाईंनी आपलं म्हणणं मांडलं. आवाज न चढवता, पोह्याची ताटली समोर ठेवत.

"हे बघा, मी इथं सैपाक करीन, दिवा लावीन, आल्यागेल्याला चहा करीन. स्लॅबखाली डोळा मिटणार न्हाई. मिरगापर्यंत बघते. तवर न्हाई जमलं तर मी जळकोटला भावाकडं जाते, त्याच्या माडीवर पत्रा हाय. तुम्ही रहा की इथं. लाटा बघत."

अप्पांनी पोह्याची ताटली बाजूला सारली. अठ्ठावीस वर्षांत बाळंतपणाचे महिने सोडले तर दोघं कधी वेगवेगळ्या गावांत झोपलेले नव्हते. बाजूला बाईंचं बारीक घोरणं चालू नसलं की अप्पांना घर रिकामं वाटायचं. हे बायकोला सांगण्यासारखं नव्हतं. सांगितलं तर आधी घोरण्याचा विषय निघाला असता.

तोवरची सोय म्हणून अप्पांनी गोडाऊन काढलं. दुकानामागचं गोडाऊन, अर्थातच पत्र्याचं. रोज रात्रीचं जेवण झालं की नवराबायको एकेक उशी बगलेत मारून लिफ्टनं खाली उतरायचे आणि स्कूटरवरून गोडाऊनला जायचे. ही गोष्ट बिल्डिंगमध्ये लपणार कशी? दुसऱ्या मजल्यावरच्या माणसानं विचारलं, नाइट ड्यूटी लागली का अप्पा. पाचव्या मजल्यावरच्या आजोबांनी बाजूला घेऊन, फ्लॅटमध्ये काही बाधा वगैरे आहे का, माहूरला जाऊन या, असं सुचवलं. दहाव्या मजल्यावरच्या उज्वलाताईंना मात्र वाटलं, की मुलगी दूर गेल्यावर दोघांना आता कुठं मोकळीक मिळाली आहे. लिफ्टमध्ये भेट झाली की त्या डोळे खाली घालून हसायच्या. अठ्ठावन्नाव्या वर्षी, मोंढ्यातल्या प्रतिष्ठित व्यापाऱ्यानं, उशी बगलेत धरून, हे हसणं सहन करायचं म्हणजे काय असतं ते अनुभवल्याशिवाय कळणार नाही.

मग एके दिवशी आंघोळ करताना अप्पांना सुचलं. बायकोला पत्रा पाहिजे ना? आपल्या डोक्यावर गच्चीच आहे. गच्चीवर पत्र्याची खोली बांधायची.

म्हणजे, भूकंपाला घाबरून माणसं अकराव्या मजल्यावरून बाराव्यावर झोपायला जाणार. हे वाक्य असं सरळ कुणी अप्पांसमोर मांडलं असतं तर कदाचित ते थांबले असते. पण मांडलं नाही. उलट मंजुश्रीबाईंनी क्षणभर विचार करून हो म्हटलं, कारण डोक्यावर पत्रा असला की झालं. पायाखाली काय आहे हा विचार लातूरचा माणूस करत नाही. त्याचं भांडण कायम वरच्या गोष्टीशी.

पहिला अडथळा भागवत सर. सोसायटीचे अध्यक्ष, आणि चाळीस वर्षं फिजिक्सची ट्यूशन घेतलेले. त्यांच्या हाताखालून गेलेले निम्मे डॉक्टर झालेत आणि उरलेले ट्यूशन घेतात. सरांनी अर्ज वाचला आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर बाण काढायला सुरुवात केली. वारा इकडून येणार, छपराच्या वर वेग जास्त, खाली दाब जास्त, म्हणजे छप्पर वर. विमान असंच उडतं. अप्पा म्हणाले, विमानाला नट-बोल्ट जमिनीत नसतात, आपण बारा इंची बोल्ट मारू. सर म्हणाले, गच्चीला बोल्टच काय, खिळासुद्धा मारायचा नाही. वॉटरप्रूफिंगची दहा वर्षांची गॅरंटी आहे, एक भोक पडलं तरी ती जाते. मग पत्र्यावर दगड ठेवू, गावाकडं ठेवतात तसे, असं अप्पा म्हणाले. सरांनी पुन्हा बाण काढला, या वेळी खाली जाणारा, आणि त्याच्या टोकाशी एक गोल काढला. हे, ते म्हणाले, पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या माझ्या बायकोचं डोकं.

शेवटी तोडगा निघाला तो लातुरी डोक्यातूनच. पाण्याचे ड्रम. दोनशे लिटरचे निळे ड्रम, प्रत्येकाच्या घरी असतात तसे. खोलीच्या चार कोपऱ्यांना चार ड्रम तारेनं बांधायचे आणि काठोकाठ भरायचे. आठशे किलो वजन, भोक एकही नाही. सरांनी आकडेमोड करून तोंडभर हसत सही केली. चाळीस वर्षांत विद्यार्थ्यानं इतकं चांगलं उत्तर दिलं नव्हतं, असंही म्हणाले.

दुसरा अडथळा महापालिकेचं ऑफिस. तिथले क्लार्क भीमाशंकर हे अप्पांच्या लांबच्या नात्यातले, त्यामुळे काम अवघड झालं. अनोळखी माणसाला नाही म्हणून घालवता येतं, नातेवाइकाला चहा पाजून नाही म्हणावं लागतं. अर्जात 'बांधकामाचं कारण' असा रकाना होता. अप्पांनी लिहिलं, भूकंप. भीमाशंकरांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

"अप्पा, भूकंप वरून येतो का खालून?"

"खालून."

"मग खोली वर कामून?"

अप्पा म्हणाले, हे तुम्ही घरी येऊन तिला विचारा. भीमाशंकर मंजुश्रीबाईंना ओळखत होते. त्यांनी विषय बदलला. भूकंपासाठी गच्चीवर काही बांधायचा नमुनाच नाही, त्यांनी सांगितलं. पावसापासून बचाव म्हणून आहे, पण त्याला इंजिनिअरचा दाखला, अग्निशमनचा दाखला आणि उंचीचा दाखला लागेल, त्यात दोन पावसाळे जातील. लवकर हवं असेल तर एकच मार्ग, कार्यासाठी तात्पुरता मंडप. दोन दिवसांत मिळतो, साठ दिवस चालतो. घरात काही कार्य आहे का? अप्पा म्हणाले, नाही. लग्न? नाही. बारसं? अप्पांनी नुसतं बघितलं.

"वय काय तुमचं?"

"अठ्ठावन्न."

"एकसष्टी करा."

"आजून तीन वर्सं हाईत की."

भीमाशंकरांनी शिक्का उचलला होता. मंडप आधी घातला म्हणून कुणी तक्रार केल्याचं आजवर ऐकिवात नाही, ते म्हणाले आणि त्यांनी कागदावर लिहिलं, 'श्री. राजशेखर यांच्या एकसष्टी सोहळ्यानिमित्त तात्पुरता मंडप, मुदत एकतीस मे.'

या कागदाची एक प्रत नियमाप्रमाणे बिल्डिंगच्या नोटिस बोर्डावर लावावी लागली. संध्याकाळपर्यंत तीन मजल्यांवरून नारळ आले. पाचव्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, तुम्ही एकसष्टचे वाटत नाही. हे अप्पांना आयुष्यात प्रथमच कुणीतरी म्हटलं, आणि त्याचाही आनंद घेता येईना. मोंढ्यात बातमी वेगळीच पसरली, की राजशेखरनं इतकी वर्षं वय चोरलं. जळकोटहून मेव्हण्यानं शाल आणि टोपी पाठवली, सोबत चिठ्ठी, की आम्हाला बोलावलं नाही तरी आमचं प्रेम कमी होत नाही. अप्पांनी शाल कपाटात ठेवली आणि तीन दिवस मेव्हण्याचा फोन घेतला नाही.

कामाला मिस्त्री आणला तो नायगावचा वैजनाथ. माणूस हुशार, पण त्याला कुठलीही गोष्ट आधी सांगायची सवय नाही. लिफ्ट सात फुटांची आणि पत्रे बारा फुटांचे, हे त्याला पहिल्या दिवशीच दिसलं होतं. सांगितलं कधी? तर वीस पत्रे पार्किंगमध्ये उतरल्यावर. जिन्यानं नेऊन बघितलं, पत्रा वळणाला अडकला आणि दीड तास तिथंच राहिला, त्यात लाइट जाऊन लिफ्टही बंद, त्यामुळं तिसऱ्या मजल्याच्या वरचे लोक वर आणि खालचे खाली. पत्रे कापावे म्हटलं तर अप्पा तयार होईनात. कापलेला पत्रा म्हणजे जोड, जोड म्हणजे वाऱ्याला वाट; तीस वर्षं गिऱ्हाइकाला हेच सांगत आलो, आता स्वतः कसा कापू.

"मग भाईरून वढून घेऊ," वैजनाथ म्हणाला. "मी नांदेडला असंच करून राहिलो होतो."

नांदेडला काय झालं, हे त्यानं सांगितलं नाही. गच्चीवरून दोर सोडले आणि पत्रा एकेक करून बाहेरून वर जायला लागला. चकचकीत नवा पत्रा, वरून एप्रिलचं ऊन. प्रत्येक मजल्यावरच्या घरात आरशाचा कवडसा पाडावा तसा तो उजेड पाडत जायचा. नवव्या पत्र्याला दोराची गाठ आवळली आणि तो सातव्या मजल्यावरच्या न्हाणीघराच्या खिडकीसमोर अर्धा तास लटकून राहिला. आत एक बँकेतले गृहस्थ आंघोळीला गेले होते. त्यांचं म्हणणं असं पडलं, की त्यांना अचानक खिडकीत ते स्वतःच दिसले, तेही पूर्ण. त्यांनी लेखी तक्रार दिली. तक्रारीत त्यांनी काय दिसलं ते सविस्तर लिहिलं होतं. भागवत सरांनी ती मोठ्यानं वाचायचं टाळलं.

खोली मात्र झाली झक्कास. बारा बाय दहा, लोखंडी सांगाडा, एकही जोड नसलेले पत्रे, चारी कोपऱ्यांना निळे ड्रम. टँकरचं पाणी चढवून ड्रम काठोकाठ भरले. अप्पांनी चारही ड्रमांना हळदकुंकू लावलं. त्या रात्री खाट टाकून दोघं तिथं झोपले. वाऱ्यानं पत्रा थोडा कुरकुरला आणि पाच मिनिटांत बाजूनं ते बारीक घोरणं सुरू झालं. अप्पा बराच वेळ जागे राहून ऐकत होते. जळकोटचा विषय संपला होता.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण चार ड्रम पाणी, लातुरात, मे महिन्यात, उघड्यावर! नळाला पाणी यायचं आठ-दहा दिवसांनी, त्यात कुठंतरी पाइप फुटला आणि ते पंधरा दिवसांवर गेलं. लातूरच्या माणसाला भरलेला ड्रम दिसला की तो नुसता बघत नाही. उज्वलाताई कुरडयांचा गहू भिजवायला एक बादली घेऊन गेल्या. एका बादलीनं काय होतंय. पाचव्या मजल्यावरचे आजोबा तुळशीसाठी तांब्याभर नेत, पण दिवसातून चार वेळा. प्रत्येकजण एकच बादली नेत होता आणि झाकण नीट लावून जात होता, त्यामुळं ड्रम बाहेरून भरलेलेच दिसायचे. आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त पाणी कुणी नेलं असेल तर ते अप्पांनी. पत्र्याची खोली मे महिन्यात भाकरी भाजावी अशी तापायची, म्हणून त्यांनी तिथं कूलर बसवला होता आणि कूलरला पाणी लागतं. ते शेजारच्याच ड्रममधून. म्हणजे ती खोली गार राहण्यासाठी स्वतःचंच वजन पीत होती. नळ आला की भरू, असं अप्पा रोज म्हणत.

सतरा मेला दुपारी साडेचारच्या सुमाराला अप्पा दुकानात होते. बाई जेवणं झाल्यावर नेहमीप्रमाणे उशी घेऊन वर झोपायला गेल्या होत्या. आभाळ उत्तरेकडून पिवळं झालं. मोंढ्यातल्या ताडपत्र्या फडफडायला लागल्या, धुळीचा लोट उठला आणि असा वारा सुटला, की समोरच्या दुकानाची पाटी दोन दुकानं सोडून तिसऱ्याच्या दारात येऊन पडली. अप्पांनी शटर ओढता ओढता सवयीनं रिंगरोडकडं बघितलं. 'सागर शिखर' तिथून स्पष्ट दिसते.

बिल्डिंगच्या डोक्यावरून काहीतरी चौकोनी, करड्या रंगाचं सरळ वर उचललं गेलं. खाली चार निळे ठिपके लोंबत होते. अप्पांच्या व्यापारी डोळ्यानं आधी पत्रा कुठल्या गेजचा ते ओळखलं. मग खोली ओळखली. मग त्यांच्या हातातून शटर सुटलं.

स्कूटर कशी चालवली ते त्यांना आठवत नाही. चष्मा धुळीनं भरला होता, आणि वाटेत कुणीतरी ओरडून सांगितलं, अप्पा, तिकडं जाऊ नका, तिकडं पत्रे उडायलेत. बिल्डिंगखाली आले तर लाइट गेलेले, लिफ्ट बंद. मधुमेहाचा माणूस अकरा मजले चढायला लागला. दुसऱ्या मजल्यावर त्यांनी चप्पल सोडली. पाचव्यावर आजोबांनी अडवून, आधी पाणी प्या, म्हणून सांगितलं आणि पाणी आणायला आत गेले. आठव्यावर भागवत सर भेटले. सर हातात कागद घेऊन उतरत होते आणि म्हणत होते, आठशे किलो धरले होते, आठशे किलोला उडायलाच नको, पाणी कुणीतरी काढलं. मग खाली बघत म्हणाले, आमच्याकडं चार-पाच बादल्याच आल्या. दहाव्यावर उज्वलाताई दारातच रडत होत्या. कुरडयांसाठी एकच बादली, अप्पा, देवाच्यान, एकच. अप्पा कठडा धरून तसेच वर चढत राहिले. त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, की बाईला जळकोटला जाऊ दिलं असतं तर.

गच्चीवर खोली नव्हती. तारेचे तुकडे होते. मधोमध खाट तशीच उभी होती, चादर खोचलेली, कूलर आडवा पडलेला. खाटेवर बाई नव्हत्या. उशीही नव्हती. अप्पांनी कठड्याला धरून खाली बघायचा प्रयत्न केला आणि त्यांना बघवेना. ते तसेच मागं सरकले, जिना उतरले आणि फोन करायला म्हणून, पण कुणाला ते ठरवलेलं नसताना, फ्लॅटचं दार ढकलून आत शिरले.

आतल्या खोलीत, स्लॅबखाली, समुद्री वादळासाठी बसवलेल्या जाड काचेच्या खिडकीखाली, मंजुश्रीबाई फरशीवर सतरंजी टाकून झोपल्या होत्या. बारीक घोरत होत्या.

अप्पा दाराला टेकून खालीच बसले. त्या आवाजानं बाईंनी एक डोळा उघडला.

"दार लावा. धूळ यायली."

बाई उठून बसल्या, नवऱ्याचे अनवाणी पाय बघितले, चष्मा बघितला, आणि त्यांना काहीतरी कळलं. मग त्यांनी सांगितलं. पंधरा दिवस झाले, रोज दुपारी त्या उशी घेऊन वर जायच्या, अप्पा दुकानाला गेले की खाली यायच्या. दुपारी पत्र्याखाली जीव जायची वेळ, कूलर नुसती वाफ सोडायचा. पहिल्या दिवशी फरशीवर पाठ टेकली, एक डोळा उघडा ठेवला. दुसऱ्या दिवशी दोन्ही मिटले. इथल्या काचा बंद केल्या की गार राहतं, आवाज नाही, काही नाही.

"मग सांगायचं की," अप्पा कसेबसे म्हणाले.

"कसं सांगू? तुम्ही माझ्यासाठी एकसष्ट वर्सांचे झालात."

अप्पांना हसू आलं, मग रडू आलं, मग दोन्ही एकदमच आलं, आणि बाईंनी उठून त्यांना पाणी दिलं. घरातल्या माठातलं. मग त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, की आत्ता वादळात बिल्डिंग झुलली का. अप्पा म्हणाले, मला माहीत नाही, मी जिन्यात होतो. बाई म्हणाल्या, मला कळलं न्हाई. झोपले होते.

अर्ध्या तासानं वैजनाथचा फोन आला. खोली मागच्या रिकाम्या प्लॉटवर, बिल्डरनं टाकलेल्या वाळूच्या ढिगावर उतरली होती. कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. ड्रम एका बाजूला, पत्रे सगळे जागच्या जागी.

"अप्पा, एक पत्रा सुटला न्हाई बगा. उभीच्या उभी हाय."

अप्पांनी फोन ठेवून ही बातमी बाईंना दोनदा सांगितली. पत्रा उडालेला नाही, उडाली ती खोली. पत्रा खोलीलाच आहे. यात फरक आहे, आणि मोंढ्यात तो समजावून सांगता येईल. बाई म्हणाल्या, सांगा. आणि सतरंजी झटकून पुन्हा आडव्या झाल्या. झोप मोडली होती, ती पुरी करायची होती. रात्री पण इथंच टाकू अंथरूण, बाई भिंतीकडं तोंड करून म्हणाल्या; वरची खाट तेवढी खाली आणा, फरशी पाठीला लागती.

अप्पा उभे राहिले. अकरा मजले चढलेले पाय अचानक हलके झाले. मेव्हण्याला फोन करावा, शाल आवडली म्हणून सांगावं, असंही त्यांच्या मनात आलं. फोन टेबलावर ठेवून ते एकटेच गच्चीवर गेले. पावसाचे चार थेंब पडून वारा गार झाला होता. त्यांनी खाटेवरची चादर काढली, घडी केली, खाट आडवी करून डोक्यावर घेतली आणि वळले, तेवढ्यात वाऱ्याची शेवटची एक झुळूक आली आणि गच्चीचं लोखंडी दार धाडकन लागलं. त्याची आतली कडी त्या दणक्यानं आपोआप पडली.

अप्पांनी दार वाजवलं, हाका मारल्या, खाटेच्या पायानं गच्ची ठोकली. खाली मंजुश्रीबाई गाढ झोपल्या होत्या. दार सात वाजून वीस मिनिटांनी भागवत सरांनी उघडलं, ते टाकीत पाणी किती उरलं ते बघायला आले होते.